किल्ल्या दिल्यानंतरचा हिशेब

कर्वेनगरचं भाड्याचं घर आम्ही सोडलं आणि थोड्याच दिवसांत घरमालकांचा हिशेब व्हॉट्सअ‍ॅपवर आला. अनामत ९०,००० रुपये. त्यातून रंगकाम ३८,०००, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या ९,०००, डीप क्लीनिंग ७,५००, गिझर ६,५००, सोसायटी ५,४००. एकूण वजावट ६६,४००. आम्हाला परत मिळणार होते २३,६००. त्या घरात आम्ही पाच वर्षं राहिलो होतो, भाडं एकदाही थकवलं नव्हतं, आणि निघताना घर झाडूनपुसून दिलं होतं. त्यानंतरचा काही काळ या आकड्यांशी झगडण्यात गेला. त्यातून जे उमगत गेलं, ते इथे मांडते आहे. पुण्या-मुंबईत, नाशकात, नागपुरात भाड्याने राहिलेल्या कितीतरी लोकांकडे अशी एखादी यादी कधी ना कधी आलेली असते. बहुतेक जण चरफडतात आणि सोडून देतात. सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहिणं.

१. अनामत हा माझाच पैसा आहे, हे मला आधी स्वतःला पटवावं लागलं. ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्याकडची हवाच वेगळी आहे. घर दाखवताना एजंट सहज बोलून जातो, ‘जाताना एक भाडं रंगात जातंच, मॅडम.’ ऑफिसातले सहकारी तेच सांगतात, नातेवाईकही तेच सांगतात. इतके लोक ‘जातंच’ म्हणायला लागले की जे परत मिळेल ती मालकाची मेहेरबानी वाटू लागते. मी नोंदणीकृत करार पुन्हा काढून वाचला. अनामत बिनव्याजी आहे, परत मिळणारी आहे आणि घराचा ताबा परत देताना ती परत करायची आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. लिव्ह अँड लायसन्सच्या कराराचं मुद्रांक शुल्क काढताना परत मिळणारी अनामत आणि परत न मिळणारी रक्कम वेगवेगळ्या धरतात. परत न मिळणारी रक्कम भाड्यासारखी पूर्ण मोजली जाते. परत मिळणाऱ्या अनामतीवर मात्र फक्त वर्षाला १० टक्के दराने व्याज कल्पून तेवढंच बेरजेत घेतात आणि त्या बेरजेवर पाव टक्का शुल्क लागतं. म्हणजे सरकारदरबारी आमच्या नव्वद हजारांची नोंद परत मिळायचा पैसा अशीच होती, शुल्कही त्याच हिशेबाने भरलं होतं. हे वाचल्यावर माझ्या बोलण्यातला अजिजीचा सूर गेला. आवाज चढला नाही, पण ‘जमलं तर बघा ना काका’ हे वाक्य माझ्या तोंडून पुन्हा आलं नाही.

२. एकूण रकमेशी वाद घालता येत नाही, एकेका बाबीशी घालता येतो. ६६,४०० हा आकडा समोर आला की माणूस एकतर भडकतो, नाहीतर खचतो. मी दोन्ही बाजूला ठेवून एवढंच लिहिलं, ‘काका, प्रत्येक कामाचं बिल आणि फोटो पाठवाल का? कुठल्या खोलीत काय झालंय ते कळलं की आपल्याला बोलता येईल.’ बरेच दिवस उत्तर आलं नाही. मग एका रंगाऱ्याने साध्या कागदावर लिहून दिलेला अंदाज आला: संपूर्ण फ्लॅट, भिंती खरवडून, लांबी भरून, प्रायमर, वर दोन हात. म्हणजे काम झालंच नव्हतं, तो कामाचा भाव होता. ट्रॉल्यांचंही तेच. एका ट्रॉलीचा चॅनल घसरत होता, आणि दुकानदाराने दर दिला होता सगळ्या ट्रॉल्या नव्याने बसवण्याचा. मालकांनी खोटं काही लिहिलं नव्हतं. सगळं नवं करायला काय लागेल ते विचारलं होतं आणि तो आकडा आमच्या नावावर टाकला होता. बाबी सुट्या केल्या, तेव्हाच हा सांधा दिसला.

३. झीज आणि मोडतोड यांतला फरक भिंतीजवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आमच्या करारात घर आहे त्या स्थितीत परत द्यायचं, मात्र नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून, असं कलम होतं. बहुतेक छापील करारांत ते असतं. भाडेपट्ट्यांच्या बाबतीत हेच तत्त्व १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या १०८ व्या कलमात आहे, म्हणजे ही काही आजची पळवाट नव्हे. पण ‘नेहमीचा वापर’ म्हणजे किती? नव्या घराचं रंगकाम करणाऱ्या रंगाऱ्याला मी जुन्या घराचे फोटो दाखवले, कारण कायद्यापेक्षा त्याला भिंत जास्त कळते. त्याने मोबाइल हातात घेऊन बेडरूमच्या भिंतीचा फोटो मोठा केला. कोपऱ्यात छतालगत रंग फुगून पोपडे सुटले होते, खालच्या बाजूला पांढरी भुकटी धरली होती. ‘हे वरून खाली आलंय, ताई. वरच्या बाथरूमचं पाणी मुरतंय. यावर मी कितीही भारी रंग मारला तरी पुढच्या पावसाळ्यात सुटणार. आधी वर वॉटरप्रूफिंग, मग रंग.’ मग हॉलचा फोटो. ‘हा उन्हाने पिवळा पडलाय. पाच वर्षांत पडतोच.’ खिळ्यांची भोकं बघून म्हणाला, ‘यात लांबी भरायला अर्धा दिवस नाही लागत.’ मग देव्हाऱ्याच्या भिंतीचा फोटो आला. निरांजन आणि उदबत्तीची काजळी बसून तिथे हातभर काळा पट्टा उमटला होता, पुसायला गेलं की तो आणखी पसरत होता. तो बघून रंगारी म्हणाला, ‘हे मात्र तुमचं. स्टेन ब्लॉकर मारून ही एक भिंत करावी लागेल.’

त्या एका बोलण्यात ३८,००० च्या ओळीचे तीन तुकडे झाले. उन्हाने उतरलेला रंग आणि गणपतीच्या आराशीचे, तोरणाचे खिळे ही झीज. मालक स्वतः तिथे राहत असते तरी पाच वर्षांनी त्यांना घर रंगवावंच लागलं असतं. तो सगळा खर्च आमच्याकडून घेतला तर पुढे येणाऱ्या भाडेकरूच्या कोऱ्या भिंतींचे पैसे आम्ही भरले असते. ओल हा इमारतीचा दोष, तिच्याशी आमचा संबंध एवढाच की तिच्या वासात आम्ही झोपलो. काजळीची भिंत मात्र आमची, आणि तिचे पैसे द्यायला मला जड गेलं नाही. काय द्यायचं हे आपण आपणहून सांगितलं, की काय द्यायचं नाही हेही समोरचा नीट ऐकतो, हा अनुभव मला पुढे प्रत्येक बाबीत आला.

४. जुने मेसेज हा आमचा सगळ्यात मोठा आधार ठरला. मी व्हॉट्सअ‍ॅपवर मालकांबरोबरच्या संभाषणात ‘ओल’ एवढाच शब्द शोधला आणि सलग पावसाळे उलगडत गेले. जुलैतला फोटो, ‘काका, बेडरूमच्या कोपऱ्यात ओल आली आहे.’ त्यांचं उत्तर, ‘वरच्यांशी बोलतो.’ पुढच्या वर्षी पुन्हा फोटो, डाग वाढलेला. पुन्हा ‘बोलतो.’ हे मेसेज पुरावा म्हणून कुणी जमवले नव्हते, ते रोजच्या जगण्यातले होते, आणि म्हणूनच त्यांच्यावर वाद होऊ शकला नाही. वकिली करणाऱ्या एका मैत्रिणीने सांगितलं, फोन बदलू नकोस, संभाषण पुसू नकोस, आणि स्क्रीनशॉटच्या भरवशावर राहू नकोस. न्यायालयात असा पुरावा द्यायचा झाला तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याआधी तेच जुन्या कायद्याच्या ६५-ब खाली होतं. आमची गोष्ट तिथवर गेली नाही. पण मूळ संभाषण आपल्याकडे तारखांसकट शाबूत आहे, एवढ्यानेही माणूस शांतपणे बोलू शकतो.

५. ज्यांना पाच वर्षं ‘काका’ म्हटलं, त्यांच्याकडे हिशेब मागणं ही सगळ्यात अवघड गोष्ट होती. कायदा समजायला एक संध्याकाळ पुरली, संकोच मोडायला फार वेळ लागला. गौरी जेवायला काकू आमच्याकडे येत. आमच्याकडे कुणी आजारी असलं की काका विचारपूस करत. आणि आता त्याच माणसाला ‘बिल दाखवा’ म्हणायचं? ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण आईच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकली आहे, तिचा अर्थ या दिवसांत अंगावर आला. नवरा म्हणाला, ‘जाऊ दे, संबंध बिघडतील.’ मला उलट वाटत होतं. मुकाट्याने ६६,००० सोडले असते तर संबंध आतून कायमचे नासले असते. रस्त्यात दिसले असते तर मी फुटपाथ बदलला असता. म्हणून मी ठरवलं की भाषा बदलायची नाही. प्रत्येक मेसेजची सुरुवात ‘काका, नमस्कार’ अशीच केली, आणि खाली बाब, रक्कम, माझं म्हणणं. आदर आणि हिशेब एका कागदावर नांदू शकतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. आमच्या घरांत दोन्ही एकत्र कुणी शिकवतच नाही.

६. सोसायटीची ओळ निकालात काढायला फक्त कार्यालयात जाऊन विचारावं लागलं. ते ५,४०० ‘नॉन-ऑक्युपन्सी’चे होते. सभासदाने घर भाड्याने दिलं तर गृहनिर्माण संस्था हे शुल्क लावते आणि ते सभासदाकडून, म्हणजे घरमालकाकडून घेते. राज्य सरकारच्या २००१ च्या आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. आमच्या करारात तर सोसायटीची देणी मालकांनी भरायची असं लिहिलेलंच होतं. मी कराराच्या त्या पानाचा फोटो पाठवला. काकांनी ती ओळ खोडली, एका शब्दाचा वाद झाला नाही.

७. जो कागद आपल्या बाजूने बोलतो, तो पुढच्या ओळीत समोरच्याच्या बाजूनेही बोलतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्ट’ मंजूर केला. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. पण त्याच्या परिशिष्टात कुठली दुरुस्ती कुणी करायची याची यादी आहे, आणि ती वाचून मला फार बरं वाटलं: भिंतींची रंगसफेदी, दारं-खिडक्यांचं रंगकाम, नळाच्या पाइपलाइन बदलणं, मुख्य वायरिंग हे सगळं मालकाकडे. घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेऊ नये असंही त्यात आहे. बंगळुरूसारख्या शहरात दहा-दहा महिन्यांचं भाडं अनामत म्हणून घेण्याची रीत होती, ते आठवलं की या मर्यादेचं मोल कळतं. मी ती यादी काकांना पाठवायला निघाले आणि पुढचा भाग वाचला. नळाचे वॉशर, स्विच, सॉकेट, कपाटांच्या कड्या, स्वयंपाकघरातल्या वस्तूंची दुरुस्ती भाडेकरूकडे. आणि त्यात गिझरही होता.

अर्धी यादी पाठवण्याचा मोह मी टाळला, पूर्ण पाठवली. गिझरचं कॉइल क्षारांनी खाल्लं होतं. आमच्या इमारतीत बोअरचं पाणी होतं, बादलीच्या कडेला पांढरा थर बसायचा, मग कॉइलचं काय होणार? पण यादीप्रमाणे दुरुस्ती आमच्याकडे येत होती, ती मी मान्य केली. नव्या गिझरचे ६,५०० मात्र नाही. मेकॅनिकने कॉइल बदलण्याचे १,२०० सांगितले होते, तेवढेच. ट्रॉलीचंही तसंच: घसरणारा चॅनल बदलण्याचे १,८०० आमचे, बाकीच्या ट्रॉल्या जशा होत्या तशा. साफसफाईत चिमणीत साठलेला तेलाचा चिकटा आणि बाथरूमच्या टाइल्सवरचे क्षार एवढं खरं होतं, त्याचे २,००० ठरले.

८. हा पैसा कुणाच्या हातात आहे, यावर सगळं बोलणं ठरतं. माझी मामेबहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. तिला फोनवर हे सांगत होते, तर ती म्हणाली, ‘पण अनामत मालकाकडे कशी?’ तिथे एप्रिल २००७ पासून अनामत सरकारमान्य योजनेत संरक्षित करावी लागते, तीही मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत. मालकाने तसं केलं नाही तर न्यायालय त्याला अनामतीच्या एक ते तीन पट रक्कम भाडेकरूला द्यायला लावू शकतं. २०१९ च्या कायद्याने नेहमीच्या घरांसाठी अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापुरती बांधली. घर सोडताना वाद झाला तर त्या योजनेतला तटस्थ माणूस दोघांचे कागद बघून निकाल देतो, त्याला पैसे पडत नाहीत. वजावट का करायची हे सिद्ध करायचं काम मालकाचं. तिच्या बाबतीत इस्त्रीने कार्पेटवर डाग पडला होता. मालकाने पूर्ण कार्पेटचे पैसे मागितले. निकाल देणाऱ्याने कार्पेट किती जुनं होतं ते विचारलं आणि उरलेल्या आयुष्याएवढीच भरपाई दिली.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ विचार करत बसले. आमच्याकडे हिशेब करणारा, निकाल देणारा आणि पैसे धरून बसलेला, असे तिघे एकाच खुर्चीत असतात. काका वाईट माणूस नाहीत. पण ज्याच्या हातात आधीच पैसे आहेत त्याला घाई नसते, आणि ज्याला नव्या घराची अनामत भरायची आहे तो घाईतच असतो. हा तोल कुणाच्या स्वभावाने सुधारणार नाही. हा पैसा तिसऱ्या हातात ठेवण्याची सोय आपल्या राज्यात व्हायला हवी, असं मला आता ठामपणे वाटतं. घर भाड्याने देणाऱ्या प्रामाणिक माणसालाही ती सोयीचीच ठरेल.

९. कायद्याचा दरवाजा कुठे आहे हे माहीत असणं आणि तो ठोठावणं, या दोन गोष्टी वेगळ्या. मैत्रिणीने मला पायऱ्या सांगितल्या. आधी लेखी मागणी, मग वकिलाची नोटीस, मग दिवाणी दावा. अशा वसुलीसाठी मुदत कायदा साधारण तीन वर्षं देतो, म्हणून धीर धरायला हरकत नाही पण विसरून जाऊ नये. आमचा करार नोंदलेला होता. नोंदलेला नसता तर काय, हेही मी विचारलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या ५५ व्या कलमाने करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. त्याने तो नोंदवला नाही, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. करार न करता राहणाऱ्यांना आपल्या हातात काहीच नाही असं वाटतं, त्यांनी हे कलम जरूर वाचावं.

आणि एक गोष्ट ऐकून मी थक्क झाले. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेविषयक मदत मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना दिला आहे, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. दावा दाखल होण्याआधीही असं प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवता येतं, तिथे तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नसतं. मी शिकलेली, नोकरी करणारी बाई, आणि हा माझा हक्क मला चाळिशीत कळला. मी तो वापरला नाही, कारण त्याआधीच बोलणं जमलं. पण माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी तो त्याच आठवड्यात सांगितला. त्यांच्या खोलीच्या मालकाने त्यांची पंधरा हजारांची अनामत अडवून धरली आहे, आणि त्यांच्याकडे करारही नाही.

१०. मालकाच्या घरी जाऊन बसल्यावर यादीमागचा माणूस दिसला. मेसेजवर मेसेज करून विषय पुढे सरकेना, तेव्हा मी फोन केला, ‘काका, येऊ का?’ काकूंनी नेहमीसारखे पोहे केले. काकांनी टेबलावर फाइल काढली, चष्मा लावला, आणि मी फोटो एकामागून एक दाखवत गेले. ओलीचा फोटो आला तेव्हा ते एकदम वैतागून म्हणाले, ‘त्या वरच्याला तीन वर्षं सांगतोय! सोसायटीला पत्रं दिली, कमिटी म्हणते तुमचं तुम्ही बघा.’ त्यांनी ती पत्रं मला दाखवली, पोचेच्या शिक्क्यांसकट. म्हणजे मी त्यांच्याकडे जे मागत होते तेच ते वरच्या फ्लॅटवाल्याकडे मागत होते, आणि तिथून काही मिळत नव्हतं म्हणून तो खर्च आमच्या यादीत उतरला होता.

त्याहून मोठी गोष्ट त्यांनी चहा पिताना सांगितली. आमची अनामत त्यांच्याकडे शिल्लक नव्हती. काकूंच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत ती केव्हाच गेली होती. ‘नवीन माणूस आला की त्याच्या डिपॉझिटमधून तुमचं द्यायचं, असंच चालतं आमचं,’ असं ते खाली बघून म्हणाले. निवृत्तीच्या पैशांतून घेतलेला तो एक फ्लॅट, त्याचं भाडं हाच पेन्शनला जोड. आमच्यासारखे पगारदार भाडेकरू आणि त्यांच्यासारखा निवृत्त मालक, यांत सबळ कोण हे मला तेव्हा नक्की सांगता आलं नसतं. मी मागणी सोडली नाही. पैसे कुठे गेले यामुळे ते कुणाचे होते हे बदलत नाही, आणि मी तसं काकांना सांगितलंही. पण मागणीची घडी बदलली. रंगाऱ्याच्या हिशेबाने काजळीच्या भिंतीचे ३,५००, चॅनलचे १,८००, सफाईचे २,००० आणि कॉइलचे १,२०० मिळून ८,५०० आमच्याकडून वजा. उरलेल्या ८१,५०० पैकी ५०,००० लगेच, आणि ३१,५०० नवा भाडेकरू आल्यावर, पण ठरावीक तारखेच्या आत, तो येवो न येवो. कागदावर लिहिलं, दोघांनी सह्या केल्या, काकूंनी साक्षीदार म्हणून केली. पन्नास हजार मी तिथे असतानाच खात्यात आले.

११. पैसे मिळाले तरी गोष्ट आपल्यापुरती संपत नाही. उरलेली रक्कमही तारखेच्या आत आली. त्यानंतर एका अनोळखी नंबरवरून फोन आला. हिंजवडीत नोकरीला असलेला लातूरचा मुलगा होता, आमचं जुनं घर बघून आला होता. सोसायटीच्या वॉचमनकडून नंबर मिळवला म्हणाला. ‘मॅडम, घर आवडलंय, फक्त एकच विचारायचं होतं. बेडरूमच्या भिंतीला ताजा रंग आहे, कोपरा मात्र हाताला गार लागतो. ओल येते का तिथे?’ मी क्षणभर थांबले, कारण काकांना भाडेकरूची गरज होती. मग हो म्हणाले. वरच्या बाथरूमचं सांगितलं, घर बाकी हवेशीर आहे आणि मालक सज्जन आहेत हेही सांगितलं. करारात त्या कोपऱ्याची नोंद करून घे, ताबा घ्यायच्या दिवशी काकांसोबत सगळ्या खोल्यांचे फोटो काढ, मीटरचं रीडिंग आणि गिझर चालू करून बघितल्याची नोंद यादीत लिही, आणि यादीवर दोघांच्या सह्या घे, असंही सांगितलं. त्याने मध्येच थांबवून विचारलं, ‘काका चिडणार नाहीत ना?’ संध्याकाळी मीच काकांना फोन करून सांगितलं की असा मुलगा तुमच्याकडे येईल आणि असं असं मागेल. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘यादीचा नमुना तुझ्याकडे असेल तर पाठव.’